पापलेटचा साठा टिकतोय की घटतोय? बंदरावरच्या नोंदींतून कसं मोजायचं?

सोसायटी_दफ्तर (पालघर)

नमस्कार मंडळी. पालघर किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार सहकारी सोसायटीचं दफ्तर माझ्याकडे आहे. येत्या सर्वसाधारण सभेत दालदी जाळ्यांचा (पाण्यात पडद्यासारखी लावायची जाळी) आस, म्हणजे जाळ्याच्या भोकाचं माप, किती ठेवायचा यावर ठराव येणार आहे. त्याआधी पापलेटच्या साठ्याबद्दल आकड्यांनिशी काहीतरी मांडायचं आहे.

हाताशी आहे ते असं. लिलावाच्या वह्या बऱ्याच वर्षांच्या आहेत. त्यांत तारीख, बोट, प्रतवारीनुसार वजन (सुपर, एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर) आणि दर एवढं मिळतं. डिझेल आणि बर्फाच्या पावत्याही जपलेल्या आहेत. कोणत्या बोटीने किती जाळं लावलं याची नोंद नाही. माशाची लांबी आजवर कोणी मोजलेली नाही.

वर्तमानपत्रात वाचलं की देशातले ९१ टक्के मत्स्यसाठे ठीक आहेत. इथे मात्र प्रत्येक तांडेल (बोटीचा प्रमुख) सांगतो की मोठा सरंगा (पापलेट) दिसेनासा झाला. दोन्ही एकाच वेळी खरं कसं? आमच्या वह्यांतून काय सिद्ध होऊ शकतं, आणि या हंगामात नव्याने काय मोजायला लागलं पाहिजे?

---

मोजपट्टी

आधी त्या ९१ टक्क्यांचं बघू. सीएमएफआरआयने (केंद्र सरकारची सागरी मत्स्य संशोधन संस्था) २०२२ सालच्या स्थितीवर जो अहवाल काढला त्यात वेगवेगळ्या प्रदेशांतले १३५ साठे तपासले होते आणि ९१.१ टक्के टिकाऊ स्थितीत असल्याचं म्हटलं होतं. ही साठ्यांची मोजणी आहे, माशांची नव्हे. एखाद्या प्रदेशातली एक जात म्हणजे एक साठा. तो भरपूर टनांचा असो की थोडक्या, मोजताना एकच. त्यामुळे १३५ पैकी १२३ साठे ठीक असले तरी तुमच्या बंदराचं पोट ज्या एकदोन जातींवर चालतं त्या उरलेल्या बारांत असू शकतात. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) २०२५ च्या जागतिक आढाव्यात २,५७० साठ्यांपैकी ६४.५ टक्के टिकाऊ पातळीत आहेत. तिथेही हाच हिशेब. टक्केवारी वाचून आपल्या बंदराबद्दल निष्कर्ष काढायचा नसतो.

साठ्याची तब्येत दोन वेगळ्या आकड्यांनी सांगतात. पाण्यात आत्ता मासा किती उरलाय, हा पहिला. दरवर्षी त्यातला किती हिस्सा आपण उचलतो, हा दुसरा. दोन्ही आकडे 'कमाल टिकाऊ उत्पादन' (साठा न खंगवता वर्षानुवर्षं घेता येणारी जास्तीत जास्त पकड) देणाऱ्या पातळीशी ताडून, म्हणजे तिने भागून, बघतात. पहिला एकाच्या खाली म्हणजे साठा खंगलेला, दुसरा एकाच्या वर म्हणजे उपसा जास्त. या दोघांची गल्लत होऊ देऊ नका. साठा खंगलेला असूनही उपसा आता आटोक्यात असेल तर तो सावरत असतो. उलट साठा अजून भरलेला आणि उपसा मर्यादेबाहेर, ही स्थिती बंदरावर सगळ्यात सुखाची वाटते, कारण मासळी भरपूर येत असते.

आता तुमच्या वह्या. नुसती वर्षाची एकूण आवक साठ्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्राची सागरी आवक सुमारे २ लाख टनांवर आली, आधीच्या वर्षापेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. त्याच वर्षी अरबी समुद्रात वायू, हिक्का, क्यार, महा अशी वादळं ओळीने आली आणि ऐन हंगामात बोटी बंदरात बांधून राहिल्या. मासेमारीचे दिवसच बुडाले तर आवक पडणारच. तेवढ्यावरून पाण्यात मासा कमी होता की नाही हे कळत नाही. म्हणून आवकेला प्रयत्नाने भागायचं. मात्र तुमच्या वह्यांत त्याआधी तीन दुरुस्त्या कराव्या लागतील.

पहिली, शून्य फेऱ्या. लिलावाच्या वहीत पापलेट विकलेली बोटच दिसते. समुद्रात जाऊन पापलेटविना परत आलेली बोट तिथे नसते. साठा घटू लागला की सर्वात आधी या रिकाम्या फेऱ्या वाढतात, आणि वही त्या लपवते. डिझेल आणि बर्फाच्या पावत्या इथे कामाला येतील. बर्फ उचलला पण लिलावात नाव नाही, ती शून्य फेरी. तारीख आणि बोट यांवरून जुळवा. ही जुळणी कंटाळवाणी आहे, पण तुमच्याकडच्या साहित्यात सर्वात मोलाची गोष्ट हीच आहे.

दुसरी, बाहेरची विक्री. सभासद परस्पर व्यापाऱ्याला माल देऊ लागले तर वहीतली आवक घटते, समुद्रातली नाही. दरवर्षी डिझेल घेणाऱ्या बोटी किती आणि लिलावात येणाऱ्या किती, हे प्रमाण काढा. ते घसरत असेल तर सगळ्या बोटींचा कल न काढता, सातत्याने सोसायटीतच विकणाऱ्या बोटी निवडून फक्त त्यांचाच काढा.

तिसरी आणि सर्वात अवघड, प्रयत्नाचं माप. फेरी हे माप कच्चं आहे. फेरी एक दिवसाची की सहा दिवसांची? जाळं किती लांब? काही वर्षांत बोट तीच राहते, पण जाळ्याची लांबी वाढते, इंजिन मोठं होतं, जीपीएस आणि फिश फाइंडर येतात. तेवढ्याच फेरीत जास्त पाणी चाळलं जातं आणि 'फेरीमागे आवक' सपाट दिसत राहते. दालदीसाठी योग्य माप म्हणजे हजार मीटर जाळं एक रात्र. मागच्या वर्षांसाठी जुन्या तांडेलांना एकत्र बसवून बोटवार लिहून काढा: कोणत्या साली किती जाळं होतं, जाळ्याची उंची किती, आस किती. जाळी विकत घेतल्याच्या पावत्या सापडल्या तर त्या स्मरणापेक्षा भरवशाच्या.

प्रतवारीची वजनं टाकून देऊ नका. प्रतवारी म्हणजे ढोबळ लांबीची नोंदच आहे. सुपरचा टक्का वर्षावर्षाने घसरला का, हे बघायचं, पण टक्क्यावर थांबायचं नाही. लहान माशांचा हंगाम उत्तम आला तरी सुपरचा टक्का घसरतो. म्हणून हजार मीटर जाळ्यामागे सुपरचे किलो किती, हा आकडा वेगळा काढा. टक्का घसरला पण हा आकडा टिकला, तर नवी पिल्लावळ चांगली. दोन्ही घसरले, तर मोठा मासा खरोखर कमी होतोय. प्रतवारीच्या वजनाच्या सीमा कोणत्या साली बदलल्या हेही शोधून ठेवा, नाहीतर व्यापाऱ्याने नियम बदलला तो साठ्याचा बदल म्हणून वाचला जाईल.

---

काटा_पाट

लांबी मोजण्याबद्दल लिहितो, कारण चुका तिथेच जास्त होतात.

मोजायचं प्रतवारीच्या आधी. हा एक नियम मोडला तर बाकी सगळं काम वाया. लिलावाच्या क्रेटमध्ये मासा आला की तो निवडलेला असतो. सुपरच्या क्रेटमधून दोनशे मासे मोजले तर साठा तरुण-म्हातारा सगळा धडधाकट दिसेल. बोट लागली की खणातून (बोटीतला मासळी ठेवायचा कप्पा) उतरणाऱ्या मिश्र मालातून टोपल्या घ्या. खणाच्या वरच्या थरातूनच घेऊ नका, वर शेवटच्या रात्रीचा मासा असतो. सुरुवातीची, मधली आणि शेवटची टोपली घ्या, आणि घेतलेल्या टोपलीतला शेवटचा मासासुद्धा मोजा. हाताने 'नमुन्यादाखल' मासे उचलले की हात नकळत मोठ्याकडे जातो. प्रतवारी बोटीवरच होऊन येत असेल तर प्रत्येक प्रतीतून वेगळा नमुना घ्या, त्या प्रतीचं बोटीवरचं एकूण वजन लिहा आणि नंतर त्या प्रमाणात वाढवून बेरीज करा.

किती बोटी मोजायच्या? सीएमएफआरआयचे गणक केंद्रावर वापरतात ती पद्धत सरळ आहे: १५ पर्यंत बोटी लागल्या तर सगळ्या, १६ ते १९ लागल्या तर पहिल्या १० आणि उरलेल्यांतल्या निम्म्या, २० ते २९ असतील तर दोनातली एक, ३० ते ३९ असतील तर तिनातली एक, असं पुढे. ही आवकेच्या नोंदीसाठी आहे. लांबी एवढ्या बोटींवर मोजणं दोन माणसांना झेपत नाही. दिवसाला चार-पाच बोटी, बोटीमागे ५० ते १०० मासे, आणि वर्षाकाठी हजाराच्या वर मासे, असं धरा. एकाच बोटीचे पाचशे मासे मोजण्यापेक्षा दहा बोटींचे पन्नास-पन्नास मोजणं कितीतरी चांगलं, कारण एका थव्यातले मासे साधारण एकाच मापाचे असतात.

दिवस निवडताना भरतीकडे बघा. दर पंधरा दिवसांनी मोजणी ठेवली तर उधाण-भांगाचं (मोठ्या आणि लहान भरतीचं) चक्र सुमारे पावणेपंधरा दिवसांचं असल्यामुळे महिनोन्‌महिने तुम्ही एकाच पाण्यात मोजत राहाल, कायम उधाणात नाहीतर कायम भांगात. 'दर एकादशीला' ठरवलं तरी तेच. आठवड्याचा ठरावीक वार घेतला तर उधाण आणि भांग आलटून पालटून येतात, किंवा चिठ्ठी टाकून दिवस काढा.

पाट ५० सेंटीमीटरचा पुरे. एका टोकाला काटकोनात आडवी पट्टी, मधोमध स्टीलची मोजपट्टी रुतवून बसवलेली. कागदी टेप ओली होऊन ताणते, ती नको. पापलेटचं थोबाड आडव्या पट्टीला टेकवा, तोंड बंद, मासा उजव्या कुशीवर. शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी घ्या. पापलेटच्या शेपटीची खालची पात लांब असते आणि हाताळताना मोडते, त्यामुळे टोकापर्यंतची लांबी भरवशाची राहत नाही. मात्र सरकारी किमान लांबी किंवा एखाद्या अभ्यासातला आकडा टोकापर्यंतच्या लांबीत असू शकतो. म्हणून शाबूत शेपटीच्या शंभरेक माशांवर दोन्ही लांब्या घ्या आणि आपलं रूपांतराचं सूत्र काढून ठेवा. दोन अभ्यासांतल्या लांब्या न तपासता शेजारी मांडणं ही फार वारंवार दिसणारी चूक आहे.

एक सेंटीमीटरचे वर्ग ठेवा आणि नेहमी खालचा सेंटीमीटर लिहा. २१.९ म्हणजे २१. हिशेबाच्या वेळी सगळ्यांत अर्धा मिळवायचा. एकजण खालचा लिहितो आणि दुसरा जवळचा, असं झालं तर सरासरीत अर्ध्या सेंटीमीटरचा घोळ होतो, आणि तो किती महागात पडतो हे हिशेबात दिसेल.

प्रत्येक नमुन्याच्या कागदावर डोक्याला हे हवंच: तारीख, तिथी, बोट, जाळ्याचा आस, जाळ्याची लांबी, किती रात्री, किती वाव पाणी (खोली), बोटीचं एकूण पापलेट, नमुन्याचं वजन. शेवटचे दोन नसतील तर त्या लांब्या पूर्ण आवकेपर्यंत वाढवता येत नाहीत आणि तो कागद निम्मा निकामी होतो.

---

खोला_रायगड

एक मुद्दा राहतोय. दालदीला जे पापलेट लागतं ते आधी डोलीच्या (प्रवाहात बांधून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं) खोल्यातून, म्हणजे तिच्या शेवटच्या बंद टोकातून, वाचून आलेलं असतं. पावसाळ्यानंतर बोंबील-जवळ्यासाठी लावलेल्या डोलीत पापलेटची पिल्लं येतात. खोल्याचा आस इतका बारीक असतो की रुपयाएवढं पिल्लूही सुटत नाही. ती लिलावाला येत नाहीत, कुट्यात (खत-खाद्यासाठीच्या बारीक मासळीत) जातात किंवा मिश्र पाटीत. त्यामुळे सचिवसाहेबांच्या वहीत ती कधीच दिसणार नाहीत.

डोलीवर मोजणी अशी करा. प्रयत्नाचं माप म्हणजे किती डोली आणि किती वेळा उपसल्या. बोट नव्हे. एका बोटीच्या सहा डोली दोन भरत्यांना उपसल्या तर ते बारा उपसे. मिश्र मालातून एक पाटी (वजन लिहून) पूर्ण निवडायची, पिल्लं मोजायची, मग बोटीच्या एकूण मालापर्यंत वाढवायची. पिल्लांची टक्केवारी वजनात देऊ नका, नगात द्या. पाच किलो पिल्लं ऐकायला किरकोळ वाटतात. दहा ग्रॅमचं एक धरलं तर ती पाचशे होतात.

बोंबील मोजायचा असेल तर वलांडीवर (सुकवायच्या मांडवावर) टाकण्याच्या आधी, आणि ओढू नका. तो इतका मऊ आहे की शेपटी धरून पाटावर सरळ केला की लांबी वाढते. पाटावर पाणी मारून त्याला नुसता घरंगळू द्यायचा.

---

सोसायटी_दफ्तर (पालघर)

फार उपयोगी. डोलीवाल्यांशी बोलून पाट्यांची मोजणी सुरू करता येईल. आता हजार लांब्या हाती आल्या असं धरा. त्यातून 'उपसा जास्त आहे की नाही' इथवर कसं जायचं? आमच्यात गणित जाणणारा एक शिक्षक आहे, संगणक आहे, पण संशोधक कोणी नाही.

---

काटा_पाट

कागदावर करता येणारी रीत आधी सांगतो. पुढचे सगळे आकडे रीत समजावण्यापुरते धरलेले आहेत. तुमच्या साठ्याचे म्हणून सभेत सांगू नका.

चार गोष्टी लागतात. कमाल लांबी (मासा अनंत काळ जगला तर सरासरीने जिथवर वाढेल ती), वाढीचा वेग, नैसर्गिक मृत्युदर, आणि ज्या लांबीपासून मासा जाळ्यात पूर्णपणे लागू लागतो ती. समजा कमाल लांबी ३६ सेंटीमीटर, वाढीचा वेग वर्षाला ०.७, पाण्याचं तापमान २८ अंश. पाउलींचं १९८० चं सूत्र लावलं तर नैसर्गिक मृत्युदर साधारण १.३४ येतो. जाळ्यात पूर्ण लागायची लांबी १७ आणि तिच्या वरच्या माशांची सरासरी २१ धरा.

एकूण मृत्युदर = वाढीचा वेग × (कमाल लांबी − सरासरी) ÷ (सरासरी − पूर्ण लागायची लांबी)
= ०.७ × १५ ÷ ४ = २.६३

त्यातून नैसर्गिक १.३४ वजा केला तर मासेमारीचा मृत्युदर १.२९. मासेमारीचा वाटा १.२९ ÷ २.६३ = ०.४९. जुना ठोकताळा ०.५ पर्यंत चालेल म्हणतो. लहान, थव्याने फिरणाऱ्या माशांना ०.४ ही जास्त सावध मर्यादा आहे.

आता सरासरी एक सेंटीमीटरने हलवून बघा. २२ धरली (म्हणजे निवडलेल्या क्रेटमधून मोजलं) तर वाटा ०.३२ निघतो, अगदी निर्धास्त. २० धरली तर ०.६४, म्हणजे धोक्याची घंटा. पाण्यातला साठा तोच आहे. प्रतवारीआधी मोजा आणि खालचाच सेंटीमीटर लिहा, हे वर जे सांगितलं त्यामागचं कारण हेच.

याच आकड्यांवरून तीन साधे निर्देशकही काढा, सभेला ते चटकन कळतात. इष्टतम लांबी = कमाल लांबी × ३ ÷ (३ + नैसर्गिक मृत्युदर ÷ वाढीचा वेग). वरच्या उदाहरणात ती २२ येते. मग (१) आलेल्या माशांत गाभोळीच्या वयाला (अंडी देण्याच्या लांबीला) पोचलेले किती टक्के, जितके १०० च्या जवळ तितकं चांगलं. (२) इष्टतम लांबीच्या दहा टक्के अलीकडे-पलीकडे, म्हणजे १९.८ ते २४.२ सेंटीमीटरमध्ये किती. (३) त्याहून मोठ्या, भरपूर अंडी देणाऱ्या माद्या किती. मोठे मासे मुद्दाम सोडण्याचा नियम नसताना हा तिसरा आकडा ३० ते ४० टक्के असला तर साठ्यात सगळ्या वयाचे मासे आहेत. २० च्या खाली असला तर काळजी.

संगणकावर 'आर' ही मोफत प्रणाली आणि तिच्यातलं 'एलबीएसपीआर' हे पॅकेज वापरता येईल. ते विचारतं: मासेमारी नसती तर एका मादीने आयुष्यभरात जितकी अंडी घातली असती त्याच्या किती टक्के आज घातली जातात? २० टक्क्यांच्या खाली लाल, ४० च्या आसपास किंवा वर ठीक. त्याला वाढीचा वेग वेगळा लागत नाही, नैसर्गिक मृत्युदर आणि वाढीच्या वेगाचं गुणोत्तर पुरतं. कमाल लांबी चुकली तर मात्र उत्तर साफ बदलतं. ती तुमच्या नमुन्यातला सर्वात मोठा मासा बघून ठरवू नका, कारण मोठे मासे संपलेल्या साठ्यात तो लहानच असणार, आणि मग हिशेब सांगेल की सगळं छान आहे. गुजरात-महाराष्ट्राच्या पाण्यातल्या जुन्या अभ्यासांतून घ्या आणि दोन-तीन वेगळ्या किमतींवर हिशेब करून उत्तर किती हलतं ते दाखवा.

---

आस_आणि_गाठ

काटा_पाट यांची रीत बरोबर आहे, पण दालदीच्या लांब्यांवर ती थेट लावायला माझा विरोध आहे.

दालदी हे गाळणं नाही. फार लहान मासा आसातून निघून जातो आणि फार मोठ्याचं डोकंच आसात शिरत नाही. तो आपटून फिरतो. पकडीचा आलेख घंटेसारखा असतो. वरचं समीकरण आणि एलबीएसपीआर, दोन्ही धरून चालतात की एका लांबीनंतरचे सगळे मोठे मासे सारखेच सापडतात. दालदीत मोठे मासे कमी दिसले की हिशेब म्हणतो 'ते मेले'. ते मेले नसतील, जाळ्याने घेतलेच नसतील. मृत्युदर फुगतो आणि साठा आहे त्याहून वाईट दिसतो. ठराव जर आसाबद्दलच आहे, तर ही चूक नेमकी ठरावाच्या मुळावर बसते.

उपाय आहे. पंधरा-वीस रात्री दोन आसांची जाळी एकाच माळेत आळीपाळीने जोडून लावा, समजा १२ सेंटीमीटर आणि १४ सेंटीमीटर. दोन्हींची लांबी, उंची, दोऱ्याची जाडी आणि भार-बोया सारखे हवेत. दोरा जाड-बारीक झाला तर तुलना गेली. जाळं कितीच्या प्रमाणात गोळा करून दोरीला बांधलंय तेही सारखं ठेवा, कारण सैल जाळ्यात मासा गुरफटून सापडतो आणि आसाचा हिशेब उरत नाही. मासे आसवार वेगळे मोजा. १२ च्या आसात सर्वाधिक मासे २२ सेंटीमीटरचे लागले तर गुणक २२ ÷ १२ = १.८३, आणि १४ च्या आसात शिखर २५.७ च्या आसपास यायला हवं. तसं आलं तर घंटेचा आकार काढून लांब्या दुरुस्त करता येतात. दुरुस्तीनंतरच वरचा हिशेब.

आस मोजायची रीतही ठरवून घ्या. ओल्या जाळ्याचे सलग दहा आस ताणून एका गाठीपासून मोजायचे आणि दहाने भागायचं. जाळ्यावर पाच ठिकाणी. वापरलेलं जाळं नव्यापेक्षा वेगळं मोजमाप देतं आणि दुकानदाराच्या चिठ्ठीवरचा आकडा प्रत्यक्षाशी जुळेलच असं नाही.

या प्रयोगातून सभेला थेट उत्तर मिळतं: आस १२ वरून १४ केला तर पहिल्या हंगामात वजन किती घटेल, सुपरचं किती वाढेल, आणि रुपयांत फरक किती पडेल. साठ्याच्या आलेखापेक्षा याच आकड्याने ठराव होतो किंवा पडतो, त्यामुळे तो नीट मोजा.

---

मोजपट्टी

आस_आणि_गाठ यांच्याशी सहमत. डोल, ट्रॉल (बोटीने ओढायचं जाळं) आणि दालदी या तिन्हींच्या लांब्या आवकेच्या प्रमाणात वाढवून एकत्र केल्या तरच साठ्याचं चित्र पूर्ण होतं. एका जाळ्याची लांबी म्हणजे एका खिडकीतून दिसणारा समुद्र.

दोन सावधगिऱ्या. कोणीतरी तुम्हाला सांगेल की नुसती वर्षवार आवक टाकली की संगणक टिकाऊ उत्पादन काढून देतो. सीएमएसवाय नावाची रीत हे करते. तिला आवकेबरोबर साठ्याच्या वाढीच्या वेगाचा अंदाज (मध्यम वेगाच्या माशांसाठी ०.२ ते ०.८) आणि आज साठा किती टक्के उरलाय याचाही अंदाज द्यावा लागतो. म्हणजे जे शोधायचंय त्याचाच अंदाज आधी भरायचा. तुम्ही '२० ते ४० टक्के उरलाय' भरलं तर उत्तर त्याच्याच आसपास येणार. मोठ्या प्रदेशाच्या पहिल्या चाळणीसाठी ती ठीक आहे. एका बंदराच्या वहीवर लावायची नाही, कारण पापलेटचा साठा पालघरच्या हद्दीत राहत नाही. तोच मासा गुजरातच्या बोटींनाही लागतो.

दुसरी गोष्ट 'प्रयत्नामागे आवक' या आकड्याची. विखुरलेल्या माशाला तो बरा लागू पडतो, थव्याने राहणाऱ्याला धोका देतो. साठा निम्मा झाला तरी उरलेले मासे दाटीने थव्यात राहतात, बोट यंत्राने थवा शोधते आणि जाळं भरतं. कॅनडात न्यू फाउंडलंडच्या कॉड माशाबाबत ट्रॉलरांचे आकडे चांगले दिसत राहिले, सर्वेक्षण जहाजांचे पडत गेले, आणि २ जुलै १९९२ ला तिथली मासेमारी बंद करावी लागली. त्यामुळे व्यापारी बोटींव्यतिरिक्तचा एखादा आकडा शेजारी असावा. आपल्याकडे मुंबईत मुख्यालय असलेली भारतीय मत्स्य सर्वेक्षण ही संस्था सर्वेक्षण जहाजं चालवते. त्यांच्या ट्रॉलच्या नोंदी एकाच पद्धतीच्या असल्याने कल बघायला उपयोगी पडतात.

त्या नोंदी कशा वाचायच्या ते थोडक्यात. अडीच नॉटने तासभर ओढलं तर ४.६३ किलोमीटर. वरच्या दोरीची लांबी ३० मीटर आणि तिचा निम्मा भाग प्रत्यक्ष उघडतो असं धरलं तर १५ मीटर रुंदीचा पट्टा, म्हणजे ०.०६९ चौरस किलोमीटर. त्यात ७ किलो पापलेट आलं तर चौरस किलोमीटरला सुमारे १०० किलो. जाळ्यासमोरचा निम्माच मासा आत येतो असं धरलं तर २००. 'निम्मा' हा शेवटचा गुणक कोणालाच नेमका माहीत नसतो, म्हणून प्रत्यक्ष टनांपेक्षा वर्षावर्षातला फरक वाचायचा.

आणि घट दिसली की लगेच जाळ्याला दोष देऊ नका. केरळात तारलीची आवक २०१२ मध्ये चार लाख टनांच्या घरात होती, २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली, आणि नंतर पुन्हा सावरली. तारली अल्पायुषी, पाण्याच्या तापमानाला आणि खाद्याला नाजूक. अशा जातीत निसर्गाची भरती-ओहोटी मासेमारीच्या परिणामावर स्वार होते. वहीत समुद्राच्या पृष्ठाचं तापमान आणि पावसाच्या नोंदीचा एकेक रकाना जोडला तर निसर्गाचा परिणाम निदान वेगळा बघता येईल.

---

सोसायटी_दफ्तर (पालघर)

शेवटचे दोन. एक, गाभोळीला येण्याची लांबी आम्ही कशी काढायची? व्यापारी मासा चिरू देत नाहीत. दोन, सरकारने ठरवलेली किमान लांबी हीच परिपक्वतेची लांबी धरली तर चालेल का?

---

काटा_पाट

दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे, बोंबिलासाठी १८०. पिल्लांची विक्री थांबवण्यासाठी ती तळाची रेघ आहे. निम्म्या माद्या अंडी द्यायला तयार होण्याची लांबी वेगळी काढावी लागते, आणि हिशेबात तीच घालायची.

ती काढायला मासे विकत घ्यावे लागतील, सोसायटीने त्यासाठी तरतूद करावी. सगळ्या मापांचे सारखे घ्या: १५ ते २८ सेंटीमीटरपर्यंत प्रत्येक सेंटीमीटरला दहा, म्हणजे १४० मासे, हंगामातल्या तीन-चार महिन्यांत विभागून. लहान मासे स्वस्त म्हणून तेच जास्त घेतले तर वक्राचं वरचं टोक अधांतरी राहतं. पोटाखालून छोटी चीर देऊन गाभोळी काढली तर मासा घरगुती विक्रीला चालतो, निम्मे पैसे परत येतात.

मासा ताजाच हवा. बर्फात दोन दिवस राहिलेल्याची गाभोळी मऊ पडते आणि अवस्था ओळखू येत नाही. पाच अवस्था पुरतात: (१) दोऱ्यासारखी, पारदर्शक, नर-मादी ओळखू न येणारी. (२) गुलाबीसर, दाणे डोळ्यांना न दिसणारे. (३) पिवळसर, दाणे दिसणारे, पोकळीच्या निम्म्याहून जास्त. (४) पोकळी भरलेली, पारदर्शक दाणे, दाबल्यावर सुटणारे. (५) लोंबलेली, रक्ताळलेली, रिकामी. तिसरी आणि तिच्या पुढच्या सगळ्या अवस्था 'परिपक्व' धरा. दुसरी आणि पाचवी यांत गल्लत होते: अंडी घालून विसावलेली मादी न परिपक्व झालेल्या मादीसारखी दिसते. म्हणून परिपक्वतेचं प्रमाण फक्त अंडी घालण्याच्या काळातल्या नमुन्यांवरून काढा. तो काळ कोणता हे कळायला गाभोळीचं वजन ÷ माशाचं वजन × १०० हा आकडा महिनावार मांडा, जिथे तो चढतो तो काळ.

१ जून ते ३१ जुलै बंदी असल्याने त्या दोन महिन्यांचे मासे तुम्हाला मिळणार नाहीत. आलेखात ती जागा मोकळी सोडा, मेचा आणि ऑगस्टचा बिंदू रेघेने जोडू नका.

प्रत्येक सेंटीमीटरच्या वर्गात किती टक्के माद्या परिपक्व, हे मांडून वक्र काढा. तो ५० टक्क्यांची रेघ जिथे ओलांडतो ती तुमची लांबी. नर वेगळे ठेवा, ते बहुधा लहान मापात तयार होतात आणि मिसळले तर लांबी खाली खेचतात.